पाच आकडे, पाचही जरासे मर्यादेबाहेर

"शेवटचं अगदी नॉर्मल कधी होतात?"

कॅज्युअल्टीतल्या रेसिडेंट डॉक्टरांनी आधी हे विचारलं. नाव, वय, काय होतंय, हे सगळं त्यानंतर. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर शब्द जाडजूड होऊन बाहेर पडत होते, म्हणून सोबत आलेल्या सहकारी मैत्रिणीनेच सांगितलं. जेवणाच्या सुट्टीनंतर मी नीट बोलत होते, तीन वाजता तिने मला एक हिशेब विचारला तेव्हाही नीट होते, त्यानंतर थोड्या वेळाने माझ्या उजव्या हाताची बोटं कीबोर्डवर भलतेच आकडे दाबायला लागली. मी हात झटकत होते. मुंग्या आल्या असतील असं वाटत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दोन्ही हात समोर धर." धरले. उजवा आपोआप खाली सरकला. तिने पुढे एक शब्द विचारला नाही, सरळ गाडी मागवली.

"शेवटचं नॉर्मल" का विचारतात ते नंतर कळलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला त्या मिनिटापासून. झोपेतून उठल्यावर लक्षणं दिसली तर रात्री झोपतानाची वेळ धरतात. माझ्या मैत्रिणीला तीन वाजल्याचं आठवत होतं.

बोटाला टोचून साखर बघितली, कारण साखर फार खाली गेली तरी हुबेहूब अशीच लक्षणं दिसतात. ती १६४ होती. बीपी १५८/९६. लगेच सीटी स्कॅन, त्यात रक्तस्राव नाही. आणि स्कॅनच्या टेबलावरून उतरेपर्यंत माझा हात वर राहायला लागला होता, जीभही सुटली होती. सगळं मिळून अर्धा तास. आता घरी सोडतील असं मी धरून चालले होते. त्याऐवजी सिस्टरने पाणी द्यायलाही नकार दिला. आधी चमच्याने दोन थेंब, गिळताना ठसका लागतोय का ते बघून मगच पेला. लकव्यात गिळणं बिघडलेलं असेल तर पाणी फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी विचारलं, बीपी एवढं वर आहे तर गोळी का देत नाही? डॉक्टर म्हणाले, आज नाही. मेंदूचा एखादा कोपरा रक्तासाठी तडफडत असताना वरचा दाब एकदम उतरवला तर त्या कोपऱ्याला मिळणारं थोडंफार रक्तही कमी होतं. फार टोकाला गेलं तरच हात लावायचा, नाहीतर एक-दोन दिवस थांबायचं. ज्या आकड्याने मला तिथे आणलं होतं त्यालाच दोन दिवस कोणी शिवलं नाही.

लक्षणं गेली तरी ठेवून घेतलं त्याचं कारण एक गुणांकन. वय, बीपी, एका बाजूची कमजोरी, किती वेळ टिकली आणि मधुमेह आहे का, यांना गुण देतात. मला ७ पैकी ४ मिळाले. चार-पाच गुण असलेल्या शंभर जणांपैकी साधारण चौघांना पुढच्या दोन दिवसांतच मोठा झटका येतो. शंभरात चार हे ऐकायला कमी वाटतं, वॉर्डातल्या खाटेवर पडून ऐकलं की वाटत नाही.

एमआरआय रात्री उशिरा झाला. सकाळी न्यूरॉलॉजिस्टनी पडदा माझ्याकडे वळवला. मेंदूच्या डाव्या बाजूला आत खोलवर एक पांढराशुभ्र ठिपका होता, तांदळाच्या दाण्यापेक्षा फारसा मोठा नाही. "हे कालचं." मग दुसरी चित्रमालिका उघडून त्यांनी उजव्या बाजूला बोट ठेवलं. तिथे बारीक काळं भोक होतं, कडेला फिकट पांढरी किनार.

"आणि हे कधीचं?"

मी म्हटलं, तुम्हीच सांगा.

"जुनं आहे. काही महिने, काही वर्षं, सांगता येणार नाही. काही जाणवलं होतं?"

काहीही नाही. एकदा चक्कर नाही, हात बधिर नाही, पडले नाही. मेंदूतली एक बारीक जागा मरून, खड्डा होऊन गेली आणि मी त्या दिवशी बहुधा नेहमीसारखी कामाला गेले. अशा मुक्या झटक्यांची संख्या जाणवणाऱ्या झटक्यांपेक्षा कितीतरी जास्त असते आणि त्यामागे बहुतेकदा वर्षानुवर्षं चढलेलं बीपी असतं, असं ते म्हणाले. कालच्या पांढऱ्या ठिपक्यापेक्षा मला त्या काळ्या ठिपक्याची भीती जास्त वाटली, अजूनही वाटते.

पूर्वी लक्षणं २४ तासांत गेली की तो झटका "तात्पुरता" धरायचे. २००९ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने व्याख्या बदलली आणि घड्याळाऐवजी मेंदूच्या पेशींकडे बघायचं ठरवलं. पेशी मेल्या असतील तर स्ट्रोक, मग लक्षणं अर्धा तासच का टिकेनात. म्हणून माझ्या कागदांवर स्ट्रोक लिहिला आहे. अर्ध्या तासाचा स्ट्रोक म्हटलं की लोक अजून माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात.

मग कारण शोधणं सुरू झालं. मानेतल्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी झाली, थोडा थर बसलेला पण अडथळा नाही. हृदयाचा इको नॉर्मल. छातीला यंत्र लावून ठोके मोजले, लय बिघडल्याची खूण नाही. म्हणजे हृदयातून गुठळी आली नव्हती, मानेतूनही नाही. मेंदूच्या आतली केसासारखी बारीक वाहिनीच जाड होत होत बंद झाली होती. माझं वय ५३, आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही, मधुमेह नाही. मग वाहिनी जाड कशाने झाली?

याचं उत्तर ज्या फिजिशियन मॅडमनी दिलं त्यांनी त्यासाठी एकही नवी तपासणी केली नाही. त्यांनी माझ्या यजमानांना जुने रिपोर्ट आणायला सांगितले. आमच्या ऑफिसात दरवर्षी तपासणी होते, त्यामुळे फाइल चांगली जाड होती. मॅडमनी एका कोऱ्या कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या. वर वर्षं, डावीकडे पाच नावं: कंबर, बीपी, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल, हे कमी असणं वाईट). आणि एकेक आकडा भरत गेल्या.

बीपी १३२/८४, मग १३४/८६, मग १३६/८८. साखर १०२, १०६, १११. ट्रायग्लिसराइड १६८ वरून १९६. प्रत्येक वर्षी प्रत्येक आकड्याशेजारी एखादी चांदणी किंवा "बॉर्डरलाइन", आणि खाली शिक्का: आहार सांभाळा, व्यायाम करा. एचडीएल ४४ होतं, त्याला चांदणीही नव्हती, कारण लॅबच्या कागदावर ४० च्या वर सगळं ठीक असं छापलेलं. ती मर्यादा पुरुषांची. बायकांसाठी ५० धरतात, म्हणजे माझं कमीच होतं. आणि कंबरेची ओळ पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत रिकामी. एवढ्या वर्षांत रक्ताच्या कितीतरी नळ्या भरल्या गेल्या, पण टेप कोणी लावली नव्हती. मॅडमनी खणातून टेप काढली, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावली, श्वास सोडायला सांगितला. ९३ सेंटिमीटर. दक्षिण आशियाई बायकांसाठी मर्यादा ८० ची आहे, पुरुषांसाठी ९० ची.

या पाचांपैकी तीन जरी मर्यादेबाहेर असले तरी त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. बीपी १३०/८५ पासून, साखर १०० पासून, ट्रायग्लिसराइड १५० पासून. माझे पाचच्या पाच होते. आणि पाचांतला एकही मर्यादेपासून इतका दूर नव्हता की कोणी दचकावं.

मी हिशेबाच्या कामातली बाई. पाच खात्यांत प्रत्येकी थोडी थोडी तूट असेल आणि प्रत्येक खातं वेगळा माणूस तपासत असेल, तर कंपनी बुडेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. मॅडमचा तो कागद बघून मला एवढंच सुचलं.

पाचही एकत्र का बिघडतात, हे त्यांनी मला बऱ्यापैकी सावकाश समजावलं. १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं की या सगळ्यांच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट आहे, शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी सतत यकृताकडे फॅटी अॅसिड सोडत राहते. यकृत त्याचं ट्रायग्लिसराइड करून रक्तात ढकलतं, आणि ट्रायग्लिसराइड वाढलं की एचडीएल घटतं. स्नायू साखर उचलायला कंटाळा करतात, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओततं. जास्त इन्सुलिनमुळे मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, बीपी चढतं. शिवाय रक्तातली गुठळी विरघळवण्याची शरीराची स्वतःची जी यंत्रणा आहे, तिला दाबून ठेवणारं एक प्रथिनही वाढतं. थोडक्यात, वाहिनी जाड करणारी आणि गुठळी टिकवणारी, दोन्ही कामं एकाच वेळी चालू. दुखत काहीच नाही.

२०१० मध्ये ८७ अभ्यासांतली साडेनऊ लाख माणसं एकत्र धरून हिशेब मांडला गेला. मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्यांत स्ट्रोकचा धोका साधारण सव्वादोन पट निघाला.

हे ऐकून मी अर्थातच विचारलं, मग या सिंड्रोमवर औषध काय? मॅडम हसल्या. "यावर औषध नाही. आणि नाव विसरलात तरी चालेल."

हे मला त्या वेळी पटलं नाही. नाव मिळालं की निदान शत्रू तरी कळतो. पण पुढे वाचत गेले तसं लक्षात आलं की डॉक्टरांमध्येही यावर चांगलीच जुंपलेली आहे. २००५ मध्ये मधुमेहावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या दोन मोठ्या संघटनांनी मिळून निवेदन काढलं होतं, की हे लेबल लावून रुग्णाचं नक्की काय भलं होतं ते सिद्ध झालेलं नाही, सुटे आकडे सुटेच उपचारा. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. या पाचांत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) नाही, वय नाही, तंबाखू नाही. माझं एलडीएल १२८ होतं आणि सिंड्रोमच्या व्याख्येला त्याचं सोयरसुतक नाही. आणि पाचही आकड्यांना सारखं वजन, जे खरं नाही. स्ट्रोकच्या बाबतीत बीपी बाकी सगळ्यांच्या कितीतरी पुढे आहे. चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान वरचं बीपी २० ने वाढलं की स्ट्रोकने मरण्याचा धोका दुपटीच्या आसपास जातो, आणि ही चढण ११५ पासूनच सुरू होते. १४० ही काही दगडावरची रेघ नाही. माझ्या १३६ ला "बॉर्डरलाइन" म्हणणाऱ्या कागदाने ११६ च्या मानाने धोका दुप्पट आहे असं लिहिलं असतं तर मी वेगळी वागले असते का, सांगता येत नाही. पण माहिती तरी खरी मिळाली असती.

माझं मत असं झालं आहे: लेबल डॉक्टरांना उपचारासाठी फारसं लागत नाही, पण सुटे पाच कागद एका टेबलावर आणण्यापुरतं ते फार कामाचं आहे.

घरी आल्यावर बीपीची वही सुरू झाली. यंत्र दंडावर बांधायचं, मनगटावरचं नको. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, पायावर पाय नाही, हात छातीच्या उंचीला टेकलेला, लघवीला जाऊन आलेलं. बोलायचं नाही. हे शेवटचं आमच्या घरात सगळ्यात अवघड. पट्टा फुगायला लागला की यजमानांना हटकून काहीतरी विचारायचं असतं. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, आठवडाभर. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. घरी १३५/८५ च्या खाली राहायचं असतं, दवाखान्यातलं १४०/९० म्हणजे घरातलं तेवढं. माझी सकाळ नेहमी संध्याकाळपेक्षा वर निघायची. वर्षाकाठी एकदा, दुपारी, ऑफिसच्या तपासणीत मोजलेल्या आकड्याला हे कधीच दिसलं नसतं.

मॅडमनी सकाळचे आकडे बघून विचारलं, घोरता का? यजमान माझ्या आधी हो म्हणाले. झोपेची तपासणी झाली, श्वास अडकण्याचा त्रास मध्यम निघाला. रात्री नाकाला मास्क लावून झोपते. याने पुढचे स्ट्रोक टळतात असं मोठ्या चाचणीत दिसलेलं नाही, तेही त्यांनी सांगितलं. पण सकाळी डोकं हलकं असतं, आणि माझ्या वहीत सकाळचा आकडा थोडा उतरला, तेवढं मला पुरे.

गोळ्यांचं म्हणाल तर पहिले २१ दिवस रक्त पातळ करणाऱ्या दोन, नंतर एकच. दोन्ही जास्त दिवस चालू ठेवल्या तर रक्तस्रावाचा धोका फायद्याच्या वर जातो. त्या दिवसांत कुठे जरा आपटलं की निळं व्हायचं आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. बीपीच्या पहिल्या गोळीने घोटे सुजले, मोज्याची खूण रात्रीपर्यंत राहायची, म्हणून ती बदलली. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या बाबतीत मात्र मी अडून बसले. स्टॅटिनने साखर थोडी वाढते हे मी वाचलं होतं, आणि माझी साखर आधीच काठावर. एकीकडे साखर उतरवा म्हणता आणि दुसरीकडे वाढवणारी गोळी देता? मॅडमनी चिडल्याशिवाय उत्तर दिलं. वाढते, पण थोडीच, आणि बहुतेकदा जे मधुमेहाच्या दारात आहेत त्यांचीच. उलट बाजूला, स्ट्रोक होऊन गेलेल्यांत एलडीएल ७० च्या खाली नेलं तर पुढचे झटके कमी होतात हे दिसलेलं आहे. "साखर आपण चालण्याने उतरवू. मेंदूतलं भोक बुजवता येत नाही." घेते आहे.

चालणं म्हणजे आठवड्याला १५० मिनिटं, आणि वजन सात टक्के कमी. हे दोन आकडे २००२ च्या एका अमेरिकन चाचणीतून आलेले, ज्यात मधुमेहाच्या काठावरच्या लोकांपैकी एवढं करणाऱ्यांत मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला, मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. चालणं जमलं. मला आवडलं ते फिजिओथेरपिस्टनी शिकवलेलं उठबशांचं आणि रबरी पट्ट्याचं काम. साखर उचलणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे मांडीचे स्नायू, तेव्हा गिऱ्हाईक वाढवा, असं तो पोरगा म्हणायचा. मीठ आणि साखर दोन्ही कमी केलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पहिले काही आठवडे सगळं बेचव लागतं, मग लागत नाही.

वजनाचा काटा बरेच दिवस हलला नाही, पण टेप हलली. याने मी चक्रावले, मॅडम खूश झाल्या. पोटाच्या आतली चरबी तुलनेने लवकर जाते आणि घातक तीच.

पुढच्या तपासणीला मॅडमनी तोच जुना कागद काढला आणि शेवटी एक उभी रेघ वाढवली. बीपीची घरची सरासरी १२२/७६. साखर १०३. ट्रायग्लिसराइड १३८. एचडीएल ४५. कंबर ८६. बाजूला, पाचांच्या बाहेर, एलडीएल ६६.

मी मनातल्या मनात गुण मोजत होते. ट्रायग्लिसराइड सुटलं. बीपी सुटलं, असं मी म्हणणार तेवढ्यात कळलं की बीपीची गोळी चालू असेल तर आकडा कितीही चांगला असो, व्याख्येत ते वरच धरतात. साखर १०० च्या वर, म्हणजे आहेच. एचडीएल ५० च्या आत, आहेच. कंबर ८० च्या वर, आहेच. पाचांपैकी चार. एवढी मेहनत करून व्याख्येच्या हिशेबाने मी जिथल्या तिथे.

मला हसूच आलं. मग थोडा रागही. पाचही जरासे बिघडलेले होते तेव्हा कोणी मोजले नाहीत, आता जरासे सुधारले तर तेही कोणी मोजत नाही. वरचं बीपी चौदा अंकांनी खाली आलंय, एलडीएल निम्म्याला, कंबर सात सेंटिमीटरने. काळा ठिपका तयार करणारी जी काही भट्टी होती तिचा जाळ कमी झाला आहे आणि त्याची नोंद करायला त्या व्याख्येत जागा नाही.

मी विचारलं, इन्सुलिनच मूळ असेल तर थेट त्यावरची गोळी का नको? प्रश्न अगदीच भाबडा नव्हता, निघालं. २०१६ मध्ये एक मोठी चाचणी झाली होती. स्ट्रोक किंवा तात्पुरता झटका येऊन गेलेले, मधुमेह नसलेले, पण इन्सुलिनला दाद न देणारे जवळजवळ चार हजार लोक. त्यांना पायोग्लिटाझोन, म्हणजे शरीराला इन्सुलिनला दाद द्यायला लावणारं औषध दिलं. स्ट्रोक आणि हार्ट अटॅक मिळून जवळजवळ चौथाईने कमी झाले. पण वजन वाढलं, अंगावर सूज आली आणि हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, माझीही हाडं तपासणीत कमकुवत निघालेली. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तो विषय तिथे मिटला.

"आणि एचडीएल? ते जागचं हलतच नाही."

"हलवायच्या गोळ्या येऊन गेल्या. आकडा वाढला, झटके कमी झाले नाहीत." त्यांनी पुढच्या खेपेच्या तपासण्यांची चिठ्ठी लिहिली. एलडीएल, उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. खाली निदानाच्या ओळीत स्ट्रोक, उच्च रक्तदाब आणि मेटाबॉलिक सिंड्रोम, तिन्ही तसेच. मग विचारलं, "बीपीची वही आणलीत का?"

आणली होती. त्यांनी मागच्या महिन्याची पानं उलटली आणि दोन ठिकाणी, जिथे सकाळचा आकडा १३४ च्या वर गेला होता तिथे, पेन्सिलने गोल केले. "या दोन दिवशी काय झालं होतं?"